कोंदणातलं नाणं

१

नाणं समोर आलं की मी आधी हात लावत नाही. बघते. माझ्या बरोबरीची माणसं लगेच भिंग काढतात, तराजू काढतात, पुस्तकं पसरून बसतात. मी पाच मिनिटं नुसती बघते आणि बहुतेक वेळा तेवढ्यात काम होतं. चौतीस वर्षं हेच करते आहे. सराफांच्या संस्थेच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमची तपासणीची खोली आहे. दागिन्यात बसवलेली जुनी नाणी तिथे येतात आणि ती कुठली, कधीची, अस्सल की बनावट, हे सांगणारा दाखला आमच्या सहीने बाहेर पडतो. तो दाखला घेऊन भांडायला आजवर कोणी परत आलेलं नाही. याला कोणी घमेंड म्हणत असेल तर खुशाल म्हणो.

आमच्या म्हणजे दोघींच्या. दुसरी सही माझ्या मुलीची. घरी तिला ठमी म्हणतात आणि एकोणतीस वर्षांची झाली तरी ते नाव काही सुटलेलं नाही. आमची पद्धत अशी, की दोघींनी वेगवेगळं बघायचं, वेगवेगळ्या कागदांवर लिहायचं, पाकिटं बंद करायची आणि मग एकदम उघडायची. जुळलं तरच दाखला. सहा वर्षांत एकदाच जुळलं नाही. तेव्हा ती बरोबर निघाली आणि मी चूक. त्या दिवशी मी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांना ते सांगत फिरले. ठमी लाजेने दोन दिवस पुढच्या दाराने आली नाही, मागच्या दाराने यायची.

तिची नजरच तशी आहे. मला भिंगातून दोनदा बघावं लागतं ते ती नुसत्या डोळ्यांनी वाचते. माझ्यानंतर त्या खुर्चीत ती बसणार हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक आहे.

२

पदक घेऊन आलेल्या बाई सत्तरीच्या असाव्यात. हातात पांढरे सुती मोजे, पदक एका जाड फडक्यात बांधलेलं. फडकं उलगडून त्यांनी ते साखळीने उचललं आणि माझ्या टेबलावर अलगद ठेवलं, मोजे न काढता. मला फार बरं वाटलं. लोक जुनं नाणं म्हणजे बटण असल्यासारखं चोळत येतात. हे एक गिऱ्हाईक तरी रीतीभातीचं निघालं.

"शिकून आलात वाटतं," मी म्हटलं.

"सवय आहे," त्या म्हणाल्या.

पदक साधंच होतं. सोन्याचं गोल कोंदण, वर कडी, कडीत साखळी. मध्ये रुपयाएवढं पांढुरकं नाणं, इतकं झिजलेलं की चेहरा आहे की डाग आहे तेही कळू नये. पाठीमागची बाजू कोंदणाच्या पत्र्याने बंद केलेली. मी माझी पाच मिनिटं बघितलं. हाती काही लागलं नाही.

"घरात कधीपासून आहे?"

"आई घालायची. मग थोरली बहीण घालायची."

"आणि तुम्ही?"

"मी नाही." फडक्याची घडी करत त्या म्हणाल्या, "मला किंमत नकोय. त्याच्यावर कोण आहे एवढंच सांगा. तुमच्याइतकं जाणतं कोणी नाही असं चार ठिकाणी ऐकलं."

आता असं तोंडावर कोणी म्हणालं की मी पाघळते, हे कबूल करते. दहा दिवसांनी या, म्हणून मी पावती फाडली.

३

कोंदणातलं नाणं बाहेर काढायचं तर दागिना मोडावा लागतो, म्हणून आम्ही मेणाचा साचा घेतो आणि त्यावरून मेणाचाच ठसा काढतो. ठशात जे दिसतं ते कधी कधी खुद्द नाण्यावर दिसत नाही. पण धातू गार असेल तर मेण नीट बसत नाही, चिरा पडतात. ज्योतीवर धरलं तर कोंदणाचा डाख, म्हणजे जोड, सुटायची भीती. म्हणून माझ्या गुरूंनी शिकवलेली युक्ती अशी, की दागिना अर्धा तास गळ्यात घालायचा, कपड्याच्या आत, अंगाला लागून. अंगाची ऊब बेताची असते आणि सगळीकडून सारखी लागते. माझं अंग बारमाही गार, त्यामुळे हे काम कायम ठमीचं.

पहिल्या दिवशी तिने पदक घातलं, अर्ध्या तासाने काढलं आणि ठसा घेतला. एक गुळगुळीत उंचवटा आला. नाक असेल, नसेल.

"हात हलला तुझा," मी म्हटलं.

"नाही हलला."

"मग हे काय आहे? साबणाची वडी?"

दुसऱ्या दिवशी मला न विचारता तिने पदक घातलं, तासभर ठेवलं आणि नवा ठसा माझ्यापुढे आणून आपटला. त्यात नाक होतं. स्पष्ट, सरळ नाक, आणि खाली ओठांची रेघ. उजवीकडे बघणारा बाईचा चेहरा.

"बघ. रागावल्याशिवाय तुझे हात चालत नाहीत," मी म्हटलं. ती हसली. मी पहिला ठसा वितळवायला टाकणार होते, पण कामाचे सगळे ठसे फळीवर तारखेने लावून ठेवायची शिस्त माझीच, म्हणून तोही ठेवला.

४

तिसऱ्या दिवशी केस आले. मागे वळवून बांधलेले, एक बट सुटलेली. चौथ्या दिवशी हनुवटी. मी खुशीत होते. सांगण्यासारखी कारणंही होती माझ्याकडे. अंगाच्या घामाने वर्षानुवर्षांचा मळ सुटतो, मळ सुटला की खालचं काम वर येतं. हे मी ठमीला सांगितलं, दारावरच्या काकांना सांगितलं आणि रात्री झोपताना स्वतःलाही सांगितलं.

त्याच चौथ्या दिवशी सकाळी खालच्या हजेरीच्या मशीनने ठमीचा अंगठा घेतला नाही. 'पुन्हा प्रयत्न करा' असं तीनदा बोललं. मी मागे उभी होते.

"भांडी फार घासता वाटतं, मॅडम," दारावरचे काका म्हणाले आणि वही पुढे केली. ठमीने वहीत सही केली. जिन्यात तिने मला अंगठा दाखवला. त्यावर रेषा नव्हत्या. मी तिचा हात उजेडात धरून नीट बघितलं. बघणं हाच माझा धंदा. अंगठा लख्ख होता.

"मेणाचं काम करतेस. मेणाने बोटं गुळगुळीत होतात," मी म्हटलं.

"तुझी झाली होती?"

"झाली होती की." झाली नव्हती.

दुपारी तिचा फोन तिचा चेहरा बघून उघडेना. तिने काच पुसून बघितली, केस मागे घेऊन बघितलं, खिडकीशी जाऊन बघितलं. शेवटी आकडे टाकून उघडला. मी म्हटलं, जुना झालाय, नवा घे. जेवताना ती म्हणाली, "आई, ते पदक घातलं की मला कसंतरी होतं."

"कसंतरी म्हणजे?"

"कोणीतरी फार जवळून बघतंय असं. श्वास लागेल इतक्या जवळून."

"नाणं बघत नसतं, बाई. आपण बघतो," मी म्हटलं आणि तिच्या ताटात अजून भात वाढला.

५

सहाव्या दिवशी ठमी जेवायला गेलेली असताना मी फळीवरचे सगळे ठसे खाली काढले आणि टेबलावर ओळीने मांडले. मग मोजपट्टी घेतली. नाण्याच्या कामात चौतीस वर्षांत एक गोष्ट मी हजारो वेळा पाहिली आहे. धातू झिजतो. बोटांनी झिजतो, खिशाने झिजतो, नुसत्या कापडाने झिजतो. वाढत कधीच नाही. मळाखाली नाक दडलेलं असू शकतं, पण आजचं नाक पहिल्या दिवशीच्या सबंध नाण्यापेक्षा उंच होतं.

मी पदक तोललं. वजन पावतीवर लिहिलं होतं तेवढंच होतं, तसूभर फरक नाही. म्हणजे त्यात काही भरलेलं नव्हतं. मी मोजपट्टी तपासली, तराजू तपासला, भिंगाची काच पुसली. मेणाचा गोळा नवा होता का तेही बघितलं, जुनाच होता. एकेक कारण काढायचं आणि बाजूला ठेवायचं, असं करत गेले, आणि शेवटी टेबलावर एकही कारण उरलं नाही.

त्या वेळी मी घाबरायला हवं होतं. खरं सांगते, मला अभिमान वाटला. असं काम आजवर कोणाच्याच हाताखाली आलेलं नसणार आणि ते आलं तर माझ्याकडे आलं. मुकुट नाही, माळ नाही, कुठल्या राणीची ठेवण नाही. एका साध्या बाईचं डोकं नाण्यावर का यावं? आणि कोरणाऱ्याचा हात असा, की सुटलेल्या बटेचा एकेक केस मोजून घ्यावा. सगळं उमटलं होतं. फक्त डोळा नव्हता. भुवई होती आणि तिच्याखाली सपाट. आमच्यात कोरणारा ओळखायचा तो डोळ्यावरून. पापणी कशी काढली, बुबुळ कुठे ठेवलं, यावरून काळ ठरतो, गाव ठरतं. डोळा मिळाला की मला सगळं मिळणार होतं.

आणखी एक गोष्ट होती. त्या दिवशीच्या ठशात कान आला होता. कानाच्या पाळीला खाली एक बारीक खाच होती. ठशाच्या साच्याला चीर गेली असेल, असं मी वहीत लिहिलं.

ठमी आली तेव्हा मी ठसे परत फळीवर ठेवले होते.

"देऊन टाकू या ना परत. सांगू, जमलं नाही," ती म्हणाली.

"जमलं नाही? आपल्याला?"

"मग तू घाल."

"माझ्या अंगावर ते दिवसभर तापायचं नाही, माहीत आहे तुला. एक तास घाल. फक्त डोळा राहिलाय. माझ्यासाठी घाल."

ती माझं ऐकते. लहानपणापासून ऐकते. तिने पदक उचललं, साखळी मानेमागे अडकवली आणि पदक कॉलरच्या आत सोडलं. तिथे मी तिला थांबवलं नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. इथे सांगते आहे.

६

ती खिडकीजवळच्या स्टुलावर जुन्या नोंदी चाळत बसली. बाहेर दुपारचं लख्ख ऊन. खोलीत पंख्याचा आवाज आणि समोरच्या दुकानाचं शटर कोणीतरी वर ओढत होतं तो. मी पत्रं लिहीत होते. पाऊण तास झाला असेल.

"आई, दिवा लाव ना," ती म्हणाली. "आभाळ भरून आलंय का?"

मी मान वर केली.

ती खिडकीकडे तोंड करून बसली होती, मला तिची एकच बाजू दिसत होती. चार वर्षांची असताना तिने स्वतःच्या कानातला डूल ओढला होता. पाळी फाटली. मीच कडेवर घेऊन डॉक्टरकडे धावले होते, माझ्या खांद्यावर रक्ताचा डाग होता. त्या पाळीची खाच मी पंचवीस वर्षं रोज बघते आहे. आता पाळी सरळ होती. गोल, गुळगुळीत. गालावरचा तीळ नव्हता. नाकापासून ओठापर्यंत उजेड कुठेही न थांबता घसरत खाली येत होता. मी जितकं निरखून बघावं तितकं बघण्यासारखं कमी होत होतं. रोजच्या शर्टमध्ये, रोजच्या स्टुलावर कोणीतरी बसलं होतं आणि ती कोण हे मी फक्त आवाजावरून सांगू शकत होते.

"लावतेस ना?" ती म्हणाली आणि माझ्याकडे वळायला लागली.

मी डोळे मिटले. स्वतःच्या मुलीपुढे मी डोळे मिटले. चाचपडत तिच्यापर्यंत गेले, मानेमागची कडी शोधली आणि पदक ओढून घेतलं. कडी सुटत नव्हती म्हणून साखळीला हिसका दिला. तिला लागलं असणार.

"झाला का तास?" तिने विचारलं.

"झाला."

हातातल्या पदकात ठमी होती. बटेसकट, खाचेसकट. भुवईखाली अर्धी पापणी उठली होती.

७

मोजेवाल्या बाई निरोप मिळताच आल्या. ठमीला मी डोळे तपासायला पाठवलं होतं, खालच्या मजल्यावरच्या एकीला सोबत देऊन. सगळं पुसट दिसतंय म्हणत होती.

बाईंनी पदक साखळीने उचललं, भिंगाखाली धरलं आणि बराच वेळ बघितलं. मग खाली ठेवलं.

"ही आमची नव्हे."

"माझी आहे," मी म्हटलं. "माझी मुलगी आहे ती."

त्या खुर्चीत बसल्या. त्यांचा चेहरा उतरला. मला त्यांची कीव यायला हवी होती, पण मला नुसता संताप आला होता.

"तुम्ही आधी बोलला का नाहीत?"

"तुम्ही ते गळ्यात घालाल हे कुणाच्या डोक्यात येईल? मी मोजे घालून आणलं होतं."

जगात कुठल्याही जाणत्याने ते गळ्यात घातलं नसतं. आम्हीच घालतो.

"आई घालायची," त्या हळू बोलू लागल्या. "घरात आम्ही तिच्याकडे बघायचं टाळायचो. मग थोरलीने हट्टाने ते आईच्या गळ्यातून काढलं आणि स्वतःच्या गळ्यात घातलं. महिन्याभरात आई परत आईसारखी दिसायला लागली. पण थोरली..." त्यांनी मोज्यांची बोटं ओढून घट्ट केली. "तिच्या गळ्यातून काढणारी मीच उरले होते. मोजे घालून काढलं आणि पेटीत ठेवलं. गळ्यात घालणं माझ्याच्याने झालं नाही. पेटीत ते दरवर्षी पुसट होत गेलं. म्हटलं, पूर्ण जायच्या आत कोणीतरी जाणत्याने सांगावं की तीच आहे. मला आता तिचा चेहरा आठवत नाही."

"आता कुठे असते?"

"असेल कुठेतरी. शेजारून गेली तरी मला कळायचं नाही."

त्या उठल्या. पदक टेबलावरच होतं. मी ते पुढे केलं तर त्यांनी हात मागे घेतले.

"तुमच्याकडेच राहू द्या. आता तुमचं माणूस आहे त्यात."

मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले नाही. एरवी प्रत्येक गिऱ्हाइकाला जाते.

८

ठमीला मी दुसऱ्या दिवशी माझ्या बहिणीकडे पाठवून दिलं, चार तासांच्या प्रवासाच्या गावी. डॉक्टरांना डोळ्यांत काही सापडलं नव्हतं. विश्रांती घे, मावशीच्या हातचं खा, असं मी सांगितलं. संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "पोरगी किती वाळलीय गं. स्टेशनवर मी दोनदा तिच्या समोरून गेले. तिनेच हाक मारली तेव्हा कळलं."

मग मी दार लावून घेतलं आणि पदक गळ्यात घातलं.

विचार करायला फार वेळ लागला नाही. एका नाण्यावर दुसरा ठसा मारला की पहिला दबतो, हे काम मी रोज बघते. धाकधूक एकाच गोष्टीची होती. थोरलीने घातलं आणि आई परत आली, हे एका म्हाताऱ्या बाईचं बोलणं. तिची आठवण चुकीची असली तर मी माझ्या हाताने ठमीला कायमची घासून टाकणार होते. पण दुसरा मार्ग नव्हता, आणि मोजे घालून ते पेटीत ठेवणाऱ्यांतली मी नव्हे. माझा ताठा मला नडला होता. आता तोच कामी आणायचा, असं मी ठरवलं.

माझं अंग गार. तासाने तर सोडाच, दोन दिवसांनीही काही झालं नाही. मी ते काढलंच नाही. अंघोळीला ठेवलं, झोपताना ठेवलं. तिसऱ्या दिवशी कळलं ठमी म्हणाली होती ते. कोणीतरी जवळ येऊन बघत होतं, अगदी जवळून, घाई न करता. मी बघू दिलं. मी म्हटलं, बघ, माझ्याकडे बघण्यासारखं तिच्यापेक्षा जास्त आहे. साठ वर्षांच्या सुरकुत्या आहेत, कपाळावर पडल्याची खूण आहे, सगळं घे.

सातव्या दिवशी ठमीचा फोन आला. "आई, आज फोन चेहऱ्याने उघडला." मी बरं म्हटलं. दहाव्या दिवशी म्हणाली, "मावशीच्या औषधाच्या बाटलीवरचं बारीक लिहिलेलं मी पलंगावरून वाचलं. मावशीला वाटलं पाठ केलंय. मग तिने दुसरी बाटली आणली, तीही वाचली." ती हसत होती. मी पदकावर हात दाबून धरला आणि खुर्चीत बसून राहिले. मला फार आनंद झाला होता.

आरशात मी बघत नव्हते. त्याची गरज नव्हती. वर्तमानपत्राचे मथळे सोडून काही वाचता येईना तेव्हा कळलं की डोळ्याची पाळी आली. तरी काढलं नाही. तिचा डोळा तिथे अर्धा राहिलेला मला चालणार नव्हता.

९

ती परत आली त्या दिवशी मी लवकर येऊन बसले होते. दारावरच्या काकांनी माझ्या ओळखपत्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मग वहीकडे बघत राहिले. "मीच आहे," मी म्हटलं तेव्हा त्यांनी मान न उचलता वही पुढे सरकवली.

अकराच्या सुमाराला खाली मशीन वाजलं. एकाच दमात, पहिल्याच अंगठ्याला. मग जिन्यावर तिची पावलं, दोन-दोन पायऱ्या एकदम चढणारी. किती वेळा सांगितलंय, सावकाश चढ म्हणून.

दार उघडलं. मला ती धूसर दिसली, रंग आणि उंची तेवढी. पण चेहऱ्याच्या कडा जागच्या जागी बसल्या होत्या. नाक होतं, हनुवटी होती, डोकं वळलं तेव्हा कानाशी काहीतरी अपुरं होतं, हवं तसं अपुरं. माझा जीव भांड्यात पडला.

ती उंबऱ्यातच थांबली.

"कोण पाहिजे आपल्याला?"

"अगं, मी," मी म्हटलं. "बस. प्रवास कसा झाला?"

ती बसली नाही. पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आवाज आईचा आहे," ती म्हणाली.

ती टेबलाशी आली. टेबलावरचा दिवा लावून तिने तो माझ्याकडे वळवला, समोरून नाही, बाजूने, अगदी खाली वाकवून. झिजलेल्या गोष्टीवर उजेड तिरपा टाकावा लागतो, म्हणजे असेल नसेल तो उंचवटा सावली टाकतो. उजेड माझ्या उजव्या गालावर आला. मग तिने दिवा उचलून दुसऱ्या बाजूला नेला. डाव्या गालावर आला. दिवा तिने हलू दिला नाही. श्वास माझ्या तोंडावर लागेल इतकी ती जवळ आली. कपाळ बघितलं, भुवया बघितल्या. घाई केली नाही. पाच मिनिटं तरी गेली असतील.

मला वाटत होतं, तिने म्हणावं. नुसतं आई म्हणावं. माझा आवाज होता, माझी खुर्ची होती, माझे कपडे होते. कोणीही म्हणालं असतं. मी वाट बघत होते, आणि मला त्याची फार गरज होती.

तिने दिवा टेबलावर ठेवला.

"खरं सांगू?" ती रडत होती.

"खरंच सांग."

"मला नाही सांगता येत. कोण आहात ते मला नाही सांगता येत."

जे दिसलं नाही ते तिने नाही म्हटलं. खुर्ची बघून, आवाज ऐकून, माझ्यावरच्या मायेनेसुद्धा तिने अंदाज ठोकला नाही. त्या सहाव्या दिवशी एवढं मला जमलं असतं तर ती आज रडली नसती. अशी नजर आणि असा सच्चेपणा मी कुणात पाहिला नाही, आणि तो माझ्या पोटच्या पोरीत होता. माझा ऊर भरून आला. तिने पदकाकडे हात नेण्याआधी मी ते मुठीत घट्ट धरलं. डोळ्यांतून पाणी सुटलं ते मी पुसलंही नाही. ते गालावरून कुठेही न अडता सरळ खाली आलं.